रनिंग स्टार्टमध्ये विज्ञानाचे कोर्स कसे निवडावेत: वॉशिंग्टन राज्यातल्या मराठी घरांसाठी

वॉशिंग्टन राज्यात मूल दहावीत असलं की शाळेकडून रनिंग स्टार्टच्या, म्हणजे अकरावी-बारावीतच कॉलेजचे वर्ग घेण्याच्या योजनेच्या, माहितीची ईमेल येते. बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश, बॉथेल या भागातल्या मराठी घरांत मग दोन प्रश्नांवर चर्चा सुरू होते. अकरावीपासून कॉलेजात पाठवायचं का? आणि पाठवलंच, तर सायन्सचं काय करायचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरोघरी वेगळं असणार. दुसऱ्याचं उत्तर मात्र बऱ्यापैकी ठामपणे देता येतं, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. विज्ञानाचा कोर्स सुटा निवडू नका. तो कोणत्या ओळीतला आहे, त्याच्या आधी आणि नंतर काय येतं, त्याला कोणतं गणित लागतं, हे बघून निवडा. ‘यात ए सहज मिळतो’, ‘मैत्रीण घेतेय’, ‘सकाळी दहाचा वर्ग सोयीचा आहे’ ही कारणं एखाद्या ऐच्छिक विषयाला चालून जातील. केमिस्ट्रीच्या बाबतीत अशा कारणांची किंमत पुढच्या वर्षी मोजावी लागते.

योजना नेमकी काय आहे

रनिंग स्टार्ट १९९० साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून सुरू केली. अकरावी-बारावीचे विद्यार्थी हायस्कूलच्या काही किंवा सगळ्या तासांऐवजी कम्युनिटी कॉलेजात किंवा टेक्निकल कॉलेजात वर्ग घेतात. त्या कोर्सचं क्रेडिट हायस्कूलच्या डिप्लोमालाही धरलं जातं आणि कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरही (गुणपत्रकावरही) येतं. ट्यूशन फी घरच्यांना भरावी लागत नाही. पुस्तकं, कॉलेजची इतर फी, लॅबची फी आणि ये-जा मात्र आपल्या खिशातून. उत्पन्न कमी असेल तर फीमाफी मिळते, तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. १०० पेक्षा कमी क्रमांकाच्या कोर्सना ही सवलत लागू नाही, त्यांची ट्यूशन फी घरच्यांनाच भरावी लागते.

कॉलेजचं वर्ष फॉल, विंटर आणि स्प्रिंग अशा तीन क्वार्टरचं असतं. एक क्वार्टर परीक्षा धरून साधारण ११ आठवड्यांत संपतं. पाच क्रेडिटचा एक कॉलेज कोर्स हायस्कूलच्या एका पूर्ण क्रेडिटइतका धरतात, म्हणजे हायस्कूलमध्ये ज्याला अख्खं वर्ष लागतं त्याचं क्रेडिट इथे एका क्वार्टरमध्ये पदरात पडतं. सगळं आकर्षण यातच आहे आणि सगळा ताणही.

महाराष्ट्रात अकरावी-बारावी सायन्स केलेल्या आईबाबांना इथे थोडी सवय बदलावी लागते. आपल्याकडे पीसीएम किंवा पीसीबी घेतलं की फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित किंवा बायोलॉजी दोन वर्षं शेजारी शेजारी चालतात. त्यामुळे ‘तिन्ही घेऊन टाक, पुढे दोन्ही वाटा मोकळ्या राहतील’ हा सल्ला आपोआप तोंडून निघतो. कॉलेजच्या हिशेबात एका क्रेडिटमागे आठवड्याला तीन तासांचं काम धरतात, त्यात वर्ग, लॅब आणि घरचा अभ्यास सगळं आलं. पाच क्रेडिटच्या कोर्सला १५ तास. तीन सायन्स एकाच क्वार्टरला लावले तर आठवड्याचे ४५ तास, तेही तीन लॅबच्या रिपोर्टांसह. सोळा वर्षांच्या मुलाला हे झेपतं का, हा प्रश्न विचारण्याची गरजच पडू नये. इथे विषय एकामागून एक घ्यायचे असतात.

पायरी १: हायस्कूलचं काय शिल्लक आहे ते आधी बघा

राज्याच्या २४ क्रेडिटच्या डिप्लोमासाठी विज्ञानाचे ३ क्रेडिट लागतात, त्यातले किमान २ लॅबसह. बहुतेक मुलांचे नववी-दहावीत दोन झालेले असतात. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशाच्या किमान अटीही जवळपास याच धर्तीच्या आहेत, पण त्यात एक लॅब सायन्स बीजगणित वापरणारं असावं लागतं. शाळेतल्या काउन्सेलरबरोबर एकदा बसून हे कागदावर मांडून घ्या. सिव्हिक्स, हेल्थ, पीई यांसारख्या राहिलेल्या गोष्टीही त्याच कागदावर येऊ द्या. सायन्सच्या नादात हेल्थचं अर्धं क्रेडिट राहून गेलेलं बारावीच्या स्प्रिंगमध्ये लक्षात येणं फार त्रासाचं असतं.

पायरी २: गणित कुठे आहे, हे प्रामाणिकपणे ठरवा

सायन्सचा कोर्स कोणता घेता येईल हे विषयाच्या आवडीपेक्षा गणितावर ठरतं. कॉलेज प्रवेशाच्या वेळी गणिताची पातळी ठरवून देतं. त्यासाठी हायस्कूलचे गुण, स्मार्टर बॅलन्स्ड या राज्याच्या शालेय चाचणीचा निकाल किंवा कॉलेजची स्वतःची प्लेसमेंट चाचणी वापरतात. कोणतं कॉलेज काय मान्य करतं हे त्याच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं.

गणिताची ओळ अशी: मॅथ १४१ आणि १४२ म्हणजे प्रीकॅल्क्युलसचे दोन भाग, मग १५१, १५२, १५३ म्हणजे कॅल्क्युलस. मुख्य जनरल केमिस्ट्रीला किमान अल्जिब्रा २ एवढी तयारी लागते. इंजिनिअरिंग फिजिक्सला कॅल्क्युलस आधी झालेलं किंवा किमान त्याच क्वार्टरला सोबत चालू असावं लागतं. म्हणजे इंजिनिअरिंगकडे जायचं असलेल्या मुलाने अकरावीच्या फॉलला १४१ घेतलं, तर १५१ स्प्रिंगमध्ये येतं आणि फिजिक्स बारावीच्या फॉलला सुरू होतं. ‘फिजिक्स आधी उरकून टाकू’ हा पर्याय त्याच्यापुढे नसतोच.

प्लेसमेंट चाचणी आपल्या घरांत बऱ्याचदा गंमत म्हणून दिली जाते, कारण ‘त्याचं मॅथ्स चांगलंच आहे’. कृपया तसं करू नका. त्या एका निकालावर पुढच्या दोन वर्षांचं सायन्स अवलंबून असतं. दोन-तीन आठवडे लॉगॅरिथम, घातांक आणि अपूर्णांकांच्या समीकरणांची उजळणी करून मग चाचणी द्यावी. केमिस्ट्रीत पीएच शिकताना लॉगॅरिथमच लागतात, तेव्हा ती मेहनत वाया जात नाही.

पायरी ३: क्रमांक वाचायला शिका

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वॉशिंग्टनच्या कम्युनिटी कॉलेजांत बऱ्याच कोर्सच्या नावापुढे ‘&’ हे चिन्ह असतं. त्याचा अर्थ तो कोर्स राज्यभराच्या सामाईक क्रमांकपद्धतीतला आहे. बेलव्ह्यू कॉलेजातली केमिस्ट्री& १६१ आणि एडमंड्स कॉलेजातली केमिस्ट्री& १६१ एकच मानली जाते. चिन्ह नसलेला कोर्स वाईट असतो असं अजिबात नाही, पण तो दुसरीकडे कसा मोजतील हे स्वतंत्रपणे विचारावं लागतं.

केमिस्ट्रीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. १२१ हा प्रास्ताविक कोर्स आहे. नर्सिंग, डेंटल हायजीन अशा आरोग्यक्षेत्रातल्या अभ्यासक्रमांसाठी किंवा ज्यांना फक्त एक लॅब सायन्स हवं त्यांच्यासाठी तो असतो. १४० हा पुढच्या जनरल केमिस्ट्रीची तयारी करून घेणारा कोर्स आहे. आणि १६१, १६२, १६३ ही विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची मुख्य जनरल केमिस्ट्री, तीन क्वार्टरची. १२१ केली म्हणजे १६१ चा काही भाग झाला, असं नसतं. डॉक्टर किंवा केमिकल इंजिनिअर व्हायचं असलेलं मूल ‘सोपी आहे, लॅब पण आहे’ म्हणून १२१ घेतं. मग वर्षभराने कळतं की मेजरसाठी, म्हणजे विद्यापीठातल्या मुख्य विषयासाठी, पुन्हा १६१ पासून सुरुवात करायची आहे. क्रेडिट वाया जात नाही, ऐच्छिक म्हणून राहतं, पण जे क्वार्टर गेलं ते गेलं.

१४० बद्दल आपल्याकडे थोडा कमीपणा वाटतो. ‘प्रेप’ हा शब्द ऐकला की आईबाबांचा चेहरा पडतो. हायस्कूलची केमिस्ट्री झालेली नसेल, किंवा होऊन दीड वर्ष लोटलं असेल आणि मोल म्हणजे काय हे मुलाला नीट सांगता येत नसेल, तर १४० घ्यावी. १६१ च्या तिसऱ्या आठवड्यात स्टॉइकिओमेट्रीपाशी (रासायनिक अभिक्रियांतल्या प्रमाणांच्या हिशेबापाशी) अडकण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

बायोलॉजीतही असेच दोन रस्ते आहेत. १०० आणि १६० हे एकेकटे घेता येणारे कोर्स. १०० सर्वसाधारण ओळखीचा, तर १६० लॅबसह आणि जास्त नेटका. १६० चा उपयोग पुढे २४१ आणि २४२, म्हणजे ह्यूमन ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी, तसंच २६० म्हणजे मायक्रोबायोलॉजी यांच्याकडे जाताना होतो. हा नर्सिंगचा रस्ता. ज्यांना बायोलॉजीत मेजर करायचं आहे किंवा मेडिकलकडे जायचं आहे त्यांची ओळ वेगळी. काही कॉलेजांत ती २११, २१२, २१३ अशी असते: पेशी, प्राणी, वनस्पती. काही कॉलेजांत २२१, २२२, २२३ अशी: परिसंस्था आणि उत्क्रांती, पेशी आणि रेणू, सजीवांचं शरीरकार्य. दोन्ही ओळी चांगल्या, पण विषयांची वाटणी वेगळी असल्यामुळे एकीतले दोन आणि दुसरीतला एक अशी मिसळ करू नका. या ओळीच्या आधी बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री मागतात.

फिजिक्समध्ये फरक कॅल्क्युलसचा. ११४, ११५, ११६ ही बीजगणित आणि त्रिकोणमितीवर चालणारी ओळ. मेडिकल, बायोलॉजी, आर्किटेक्चरकडे जाणाऱ्यांना ती सहसा पुरते. २२१, २२२, २२३ ही कॅल्क्युलसवरची इंजिनिअरिंग फिजिक्स. काही कॉलेजांत हिचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून नावात ‘इंजिनिअरिंग’ आहे का आणि अटीत कॅल्क्युलस आहे का ते बघावं. इंजिनिअर व्हायचं असेल तर ११४ ने भागत नाही.

आता विद्यापीठाकडून उलटं बघा. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संकेतस्थळावर प्रत्येक कम्युनिटी कॉलेजचा कोर्स त्यांच्याकडे कशाच्या बरोबरीचा आहे याचा तक्ता असतो. केमिस्ट्री& १६१, १६२, १६३ तिथे १४२, १५२, १६२ म्हणून धरतात. इथे एक खाचखळगा आहे. कॉलेजची १६२ ही ओळीतली दुसरी, विद्यापीठाची १६२ ही तिसरी. क्रमांक सारखा, कोर्स वेगळा. म्हणून फोनवर किंवा व्हॉट्सॲप गटात ‘१६२ झाली का?’ एवढं विचारून निर्णय घेऊ नका, कुणाची १६२ ते विचारा.

ओळ सुरू केली की शक्यतो त्याच कॉलेजात पूर्ण करा. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग इथे आणि तिसरा विद्यापीठात असं होऊ शकतं, पण धड्यांचा क्रम जागोजागी वेगळा असतो. एखादा विषय दोनदा येतो आणि एखादा कुठेच येत नाही. बायोलॉजीच्या बाबतीत तर तिन्ही झाल्याशिवाय विद्यापीठाची ओळ पूर्ण झाली असं धरून चालू नका.

पायरी ४: दिशा ठरवा, ढोबळ चालेल

अकरावीच्या मुलाला ‘नक्की काय व्हायचंय’ विचारून काही हाती लागत नाही. पण चारपैकी कोणत्या बाजूला कल आहे एवढं बहुतेकांना सांगता येतं.

इंजिनिअरिंग, फिजिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स असेल तर अकरावीत गणिताची ओळ अखंड चालू ठेवायची आणि तिच्या जोडीला केमिस्ट्री १६१. मेकॅनिकल किंवा सिव्हिलचा विचार असेल तर १६२ पण घ्यावी, केमिकल किंवा मटेरियल्स असेल तर तिन्ही. बारावीत इंजिनिअरिंग फिजिक्स. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना केमिस्ट्रीचा कंटाळा असतो. त्यांनी फिजिक्सवर भर दिला तरी चालतं, फक्त ज्या विद्यापीठांत अर्ज करणार त्यांच्या अटी वाचून.

मेडिकल किंवा बायोलॉजी असेल तर अकरावीत केमिस्ट्री १६१ ते १६३ आणि बारावीत बायोलॉजीची तीन कोर्सची ओळ. ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणजे २६१ पासूनची ओळ अकरावी-बारावीत ओढूताणून बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती विद्यापीठातल्या दुसऱ्या वर्षासाठी असते आणि तिथेच शोभते.

नर्सिंग किंवा इतर आरोग्यसेवा असेल तर केमिस्ट्री १२१, बायोलॉजी १६०, मग २४१ आणि २४२. हा रस्ता छान आखलेला आहे आणि आपल्या समाजात त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ज्या मुलांना माणसांत काम करायला आवडतं त्यांच्यासमोर तो मोकळेपणाने ठेवा.

चौथी बाजू: ज्यांना सायन्समध्ये जायचंच नाही. त्यांच्यावर १६१ लादू नका. डिप्लोमाचं राहिलेलं क्रेडिट आणि एक लॅब एवढंच त्यांना हवं असतं, आणि त्यासाठी ॲस्ट्रॉनॉमी, ओशनोग्राफी, एन्व्हायर्न्मेंटल सायन्स, जिऑलॉजी असे सुंदर कोर्स आहेत. फक्त त्या कॉलेजात त्या कोर्सला लॅब जोडलेली आहे ना, हे बघून घ्यावं. पायरी १ मधली बीजगणिताची अट बाकी असेल तर ती यांतल्या कशाने सुटते का, तेही काउन्सेलरला विचारावं.

मी स्वतः जिऑलॉजी १०१ ची शिफारस मनापासून करते. या राज्यात राहून ती न शिकणं म्हणजे मोठी संधी घालवणं. सेंट हेलेन्स ज्वालामुखी १८ मे १९८० ला फुटला, त्याचे परिणाम आजही गाडीने जाऊन बघता येतात. किनाऱ्याजवळच्या कॅस्केडिया पट्ट्यात २६ जानेवारी १७०० ला महाभूकंप झाला होता, आणि ती तारीख इतकी नेमकी कळली ती जपानमध्ये पोचलेल्या त्सुनामीच्या नोंदींवरून. पूर्व वॉशिंग्टनचा कोलंबिया नदीकाठचा काळा कातळ हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला बेसाल्ट आहे. सह्याद्री आणि दख्खनचं पठारही तसंच बनलं, फक्त कितीतरी आधी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. सुट्टीत रायगड चढलेल्या मुलाला हे वर्गात कळलं की दगडाकडे बघण्याची नजरच बदलते.

पायरी ५: कोणत्या क्वार्टरला काय

तीन भागांच्या ओळी सहसा फॉलला सुरू होऊन स्प्रिंगला संपतात. मोठ्या कॉलेजांत १६१ विंटरलाही सुरू होते, छोट्यांत नाही. म्हणून वर्षभराचं वेळापत्रक एकदम मांडायचं, एका क्वार्टरचं कधीच नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावर कोणता कोर्स कोणत्या क्वार्टरला असतो याचा वार्षिक आराखडा बहुधा मिळतो.

पहिल्या फॉलबद्दल माझा आग्रह आहे: एकच लॅब सायन्स, एक गणित आणि एक लिहिण्या-वाचण्याचा कोर्स, बहुतेकांसाठी इंग्लिश १०१. इतकंच. ११ आठवड्यांत दोन मिडटर्म, आठवड्याला लॅब रिपोर्ट आणि कॅनव्हासवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या संकेतस्थळावर) रात्री बाराला संपणाऱ्या मुदती, या वेगाची सवय व्हायला ते एक क्वार्टर लागतं. विंटरमध्ये वाटलं तर वाढवा. दोन लॅब एकाच क्वार्टरला घ्यायचीच असतील तर बारावीत घ्यावी, आणि त्यातली एक तरी ओळखीच्या विषयाची असावी.

हायस्कूलमध्ये किती तास ठेवले आहेत त्यावर कॉलेजचे किती क्रेडिट फुकट मिळतील हे ठरतं. बँड, ऑर्केस्ट्रा किंवा एखादी भाषा शाळेत चालू ठेवायची असेल तर तो हिशेब काउन्सेलरकडून आधी करून घ्या. हायस्कूलच्या सुट्ट्या आणि कॉलेजच्या सुट्ट्याही जुळत नाहीत. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते, कॉलेज शेवटाकडे. स्प्रिंग ब्रेक वेगळा. भारताची तिकिटं काढण्याआधी दोन्ही कॅलेंडरं बघा.

असोसिएट डिग्रीच्या मागे किती लागायचं

हायस्कूल संपताना हातात दोन वर्षांची डिग्रीही असावी, हा मोह मोठा आहे. किमान ९० क्रेडिट लागतात. सर्वसाधारण ट्रान्सफर डिग्रीत नॅचरल सायन्सचे १५ क्रेडिट असतात, त्यात एक लॅब, आणि एका विषयाचे १० पेक्षा जास्त त्या रकान्यात धरत नाहीत. म्हणजे केमिस्ट्रीची पूर्ण ओळ केली तरी त्यातले पाच ऐच्छिकमध्ये जातात आणि सायन्सचा आणखी एक वेगळा विषय घ्यावाच लागतो. विज्ञानाच्या मुलांसाठी वेगळी असोसिएट इन सायन्स डिग्री आहे, तिचे दोन मार्ग आहेत. पहिला बायोलॉजी, केमिस्ट्री, पर्यावरण वगैरेंसाठी, दुसरा इंजिनिअरिंग, फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्ससाठी.

डिग्री मिळाली तरी हायस्कूलहून थेट जाणारं मूल युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये फर्स्ट-इयर म्हणूनच अर्ज करतं, ट्रान्सफर म्हणून नाही. तेव्हा डिग्रीचा कागद पुरा करण्यासाठी बारावीत फिजिक्सची ओळ अर्धी सोडू नका. ओळ पूर्ण असणं मेजरच्या दृष्टीने जास्त उपयोगाचं आहे.

पायरी ६: ग्रेड कायमचा असतो, हे मुलाला समजावून सांगा

सोळाव्या वर्षी केमिस्ट्रीत मिळालेला ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर राहतो आणि हायस्कूलच्याही. ओळीत पुढे जायला साधारण २.० (४.० पैकी) लागतो. मेडिकलचा विचार असेल तर हे आणखी गंभीरपणे घ्या. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांचा सामाईक अर्ज, एएमकॅस, हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेज कोर्सही नोंदवायला लावतो, आणि बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांची सरासरी वेगळी काढतो. मुलगी बावीस वर्षांची होऊन अर्ज करेल तेव्हाही अकरावीचा फॉल त्यात असेल. म्हणून मेडिकलच्या मुलांनी तयारी पक्की नसताना घाई करू नये.

अशा मुलांसाठी हायस्कूलमधली एपी केमिस्ट्री किंवा एपी बायोलॉजी (एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) हा पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. तिथे तोच विषय वर्षभर सावकाश शिकता येतो आणि शिक्षक रोज भेटतात. कॉलेजचं क्रेडिट मात्र मे महिन्यातल्या एका परीक्षेवर ठरतं. कॉलेज इन द हायस्कूल हा तिसरा पर्याय: कॉलेजचा कोर्स, पण शाळेच्याच इमारतीत, शाळेच्या शिक्षकांकडून. २०२३ च्या कायद्याने सरकारी कॉलेजांकडून चालणाऱ्या या कोर्सची फीही विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. गणिताची ओळ रनिंग स्टार्टमध्ये आणि सायन्स शाळेत, अशी विभागणी केलेली मुलं मी पाहिली आहेत आणि ती समाधानी आहेत.

राज्याबाहेरच्या खासगी विद्यापीठांचं धोरण एकसारखं नसतं. डिप्लोमासाठी वापरलेल्या कोर्सचं क्रेडिट काही देतात, काही देत नाहीत. अर्जाच्या यादीतल्या प्रत्येक ठिकाणी ते वाचा.

भारतात परत जाण्याची शक्यता असलेल्या घरांसाठी एक गोष्ट. एमबीबीएससाठी नीट देताना बारावीच्या पातळीवर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय दाखवावे लागतात. तेव्हा हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ही नावं स्वतंत्रपणे, स्पष्ट दिसतील असे कोर्स घ्या. ‘एन्व्हायर्न्मेंटल सायन्स’ने तिथे भागणार नाही.

दुसऱ्या राज्यात असाल तर

नावं आणि क्रमांक बदलतील, पण ओळ आणि गणित हेच बघायचं आहे. मिनेसोटात ही योजना पीएसईओ नावाने १९८५ पासून आहे. ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस सातवीपासूनच खुली होते. टेक्सासात ड्युअल क्रेडिट म्हणतात आणि तिथेही सामाईक क्रमांक आहेत. मुख्य केमिस्ट्री १४११, बायोलॉजीच्या मेजरसाठी १४०६, बीजगणितावरचं फिजिक्स १४०१ आणि कॅल्क्युलसवरचं २४२५. टेक्सासात दुसरा आकडा क्रेडिट दाखवतो. तिथे सेमिस्टर असल्याने ओळी तीनऐवजी दोन कोर्सच्या असतात.

पायरी ७: नोंदणी आणि पहिले दहा दिवस

दर क्वार्टरला रनिंग स्टार्टचा एनरोलमेंट व्हेरिफिकेशन फॉर्म लागतो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर तिघांची संमती असते. फॉर्म उशिरा गेला की नोंदणी अडते, आणि तोवर लॅबच्या जागा भरतात. लॅबमध्ये बाकं मोजकी असल्यामुळे सायन्सचे वर्ग सगळ्यात आधी भरतात. नव्या विद्यार्थ्यांची नोंदणीची वेळ जुन्यांच्या नंतर येते. म्हणून दोन पर्यायी वेळा लिहून ठेवा आणि जागा नसेल तर वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या तासाला हजर राहा. काही जण पहिल्या आठवड्यात सोडतात, जागा होते.

आईबाबांसाठी: प्राध्यापकांना ईमेल करू नका. कॉलेजात प्रवेश घेतल्यावर कायद्याने शैक्षणिक नोंदींचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो, वय कितीही असो. त्यामुळे प्राध्यापक तुमच्याशी मुलाच्या गुणांबद्दल बोलणार नाहीत. इथे पालकसभा नसते. त्याऐवजी मुलाला दुसऱ्याच आठवड्यात ऑफिस अवर्सला (प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेला) जायला सांगा, प्रश्न नसला तरी. केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांना तुमच्या मुलीचं नाव माहीत असणं पुढे शिफारसपत्राच्या वेळीही उपयोगी पडतं.

कोर्स जमत नाही असं वाटलं तर ट्रान्सक्रिप्टवर काही नोंद न होता तो सोडण्याची मुदत बऱ्याच कॉलेजांत शिकवणीच्या दहाव्या दिवसाच्या आसपास असते. नेमकी तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवरून घेऊन फ्रिजवर लावा. त्यानंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉल, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) येतो. एका डब्ल्यूने काही बिघडत नाही, पण ओळीतला कोर्स सोडला की पुढचा भाग पुढच्या वर्षावर जाऊ शकतो, तेव्हा निर्णयाआधी कॉलेजच्या रनिंग स्टार्ट कार्यालयाशी आणि शाळेच्या काउन्सेलरशी, दोघांशी बोला.

आणि प्रत्येक सायन्स कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा, लॅबच्या प्रयोगांच्या यादीसह. राज्याबाहेरच्या विद्यापीठाला ‘&’ म्हणजे काय हे माहीत नसतं. तीन वर्षांनी एखादा विभाग विचारतो, या कोर्समध्ये लॅब किती तासांची होती आणि कोणतं पुस्तक वापरलं? तोवर कॅनव्हासवरचं पान बंद झालेलं असतं.